एका माणसाचं कलिंगड

सोलापूर, ९ मार्च २०२५

चि. निवेदिता,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र मात्र पोस्टमन हातात आणून देतो आणि सही करून घेतलंस तर त्याची पोच इथं येते. मला तेवढी पुरे.

कळवायचं कारण असं, की गेल्या महिन्यापासून मी अपक्वाहार सुरू केला आहे. म्हणजे गॅसवर शिजवलेलं काही खायचं नाही. सकाळी तळ्यावर फिरायला येणाऱ्यांचा एक गट आहे. शिवानंद सर म्हणून निवृत्त क्रीडाशिक्षक तो चालवतात. वय बहात्तर, आणि अजून तळ्याला पळत फेरी मारतात. आम्ही नऊ जण आहोत. मोड आलेले मूग, काकडी, गाजर, भिजवलेले शेंगदाणे, खजूर असा दिवसभराचा आहार. सकाळी मात्र फक्त कलिंगड. त्याच्या आधी काही नाही, नंतर दोन तास काही नाही आणि त्याच्याबरोबर तर काहीच नाही. सर म्हणतात, कलिंगडाला पोटात सोबत चालत नाही.

तू हसशील. मी, ज्याला गरम पोळीशिवाय घास उतरत नव्हता! पण तब्येत उत्तम आहे. डब्याच्या बाईंना मी बंद सांगितलं. भांडी घासायची कटकट गेली. एक सुरी, एक ताटली, एक वाटी.

कलिंगड निवडायलाही मी शिकलो. चौतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, दुसऱ्याच्या अर्जातली चूक मला लांबून दिसायची, पण कलिंगड मी नेहमी चकचकीत बघून घ्यायचो आणि ते नेहमी फिकं निघायचं. आसरा चौकाच्या पुढं होटगी रस्त्याला सोजरबाई म्हणून एक बाई ढीग लावून बसतात. होटगीकडच्याच आहेत. पहिल्या दिवशी मी एक उचललं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "चमकतंय ते कच्चं असतंय, साहेब. अंग मळकं बघा. आन् हितं बघा, भुईला टेकलेला डाग. पिवळा पायजे. पांढरा असला म्हंजी लवकर तोडलंय." मग देठ वाळलेला हवा. मग दोन्ही हातांत घेऊन दिसतं त्यापेक्षा जड लागायला हवं. आणि शेवटी टिचकी. त्यांनी मला आधी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायला लावली, मग छातीवर, मग पोटावर. कपाळासारखं वाजलं तर कच्चं, पोटासारखं वाजलं तर उतरलेलं. छातीसारखं वाजेल ते घ्यायचं. भर रस्त्यात मी छातीवर टिचक्या मारून बघत उभा होतो.

कापल्यावर आतून लालबुंद निघालं. हे तुला कळवावंसं वाटलं.

तुझे वडील,
यज्ञेश्वर

सोलापूर, ३० मार्च २०२५

चि. निवेदिता,

पोच मिळाली. सही तुझीच आहे. न चा पाय तू अजून तसाच लांब ओढतेस.

आज पाडवा. गुढी उभारली नाही, कडुनिंबाची पानं मात्र खाल्ली, ती अपक्वच असतात. सकाळी तळ्यावर गेलो तर गटातलं कुणीच नव्हतं. सरही नाहीत. मी आपला बाकावर बसून राहिलो. मग कळलं की सगळे आज घरी श्रीखंड-पुरीला थांबलेत. आपसांत ठरवलं होतं म्हणे, मला सांगायचं राहून गेलं. मी एकटाच नियमानं कलिंगड खाल्लं. पांढऱ्या भागाची कोशिंबीर करता येते, हिरवी साल काढून किसायचं आणि लिंबू पिळायचं. मीठ आम्ही घेत नाही. काकडीपेक्षा बरी लागते.

अडचण एकच आहे. कलिंगड एका माणसाचं फळ नव्हे. सोजरबाई अर्धं कापून देत नाहीत, उरलेल्या अर्ध्यावर माशा बसतात म्हणतात. लहानात लहान घेतलं तरी तीन किलोचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, घरी किती माणसं. मी म्हटलं, तिघं. बायको आहे, मुलगी नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात असते, पण येऊन-जाऊन असते. हे मी का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावर उभं राहून कुणाला आपली सगळी हकीकत सांगायची? तिघं म्हटल्यावर त्यांनी पाच किलोचं काढून दिलं. मी घेतलं.

तुला सणाचे आशीर्वाद.

यज्ञेश्वर

सोलापूर, १७ एप्रिल २०२५

निवेदिता,

पारा त्रेचाळीसला गेलाय. पाणी चार दिवसांआड येतं आणि आलं की अर्धा तास. पण मला पाणी फारसं लागतच नाही, कलिंगडातून जातं. वजन एकाहत्तर होतं, बासष्ट झालंय. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. शिवानंद सर मला म्हणाले, जरा सबुरीनं घ्या, मी स्वतः दुपारी भाकरी खातो. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे गटात पूर्ण अपक्वाहार करणारा मी एकटाच आहे.

सोजरबाई आता रोज घरच्यांची चौकशी करतात. मालकीणबाईंना गोड लागलं का, लेक आली का. मी म्हणतो, आली होती. रविवारी म्हणालो, शुक्रवारी आली होती, तिला फार आवडलं. मग त्यांनी ढिगाखालून एक वेगळं ठेवलेलं काढून दिलं, लेकीसाठी म्हणून. ते सात किलोचं होतं. रिक्षानं आणलं. तीन दिवस मीच खाल्लं. शेवटचा भाग आंबूस झाला होता, तोही टाकला नाही.

तुला मी एक सांगितलं नाही. अपक्वाहाराच्या विचारानं मी तळ्यावर गेलोच नव्हतो. फेब्रुवारीत एकदा नुसताच बाकावर बसलो होतो. शिवानंद सरांनी येऊन ताटली पुढं केली, लोक बघत होते, नाही म्हणता आलं नाही. दोन वर्षांत मी कलिंगडाला हात लावला नव्हता. मंडईतून जाताना मी गाडा बघून रस्ता ओलांडायचो, हे तुला ठाऊक नसणार. ती फोड तोंडात घातली आणि तुझ्या आईला काय हवं होतं ते मला पहिल्यांदा कळलं. किडन्या गेल्यापासून मी तिला रोजचं पाणी मापानं द्यायचो. सातशे मिलीलिटर, औषधाच्या घोटासकट. ओठ सुकायचे तिचे. तिनं त्या उन्हाळ्यात किती वेळा कलिंगड मागितलं आणि मी किती वेळा यादी दाखवली. काय चालतं, काय चालत नाही, ती यादी मीच टाईप करून फ्रिजवर लावली होती. ती अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं नाव दिलं. लोकांना कलिंगड रोज खाण्याचं काहीतरी कारण सांगावं लागतं.

अण्णा

सोलापूर, २५ एप्रिल २०२५

निवेदिता,

काल सकाळी अकराच्या सुमारास माझ्या नंबरवरून तुला तीन फोन आले असतील. ते मी केले नव्हते. घाबरली असशील तर म्हणून आज लगेच लिहितो. मी ठीक आहे.

मी कलिंगड निवडत होतो. खाली वाकून टिचकी मारली आणि उठताना डोळ्यांपुढं पांढरं झालं. शुद्धीवर आलो तेव्हा सोजरबाईंच्या ताडपत्रीच्या सावलीत होतो, डोक्याखाली गोणपाट. त्या माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि दुसऱ्या हातात माझा फोन होता. त्या म्हणाल्या, मालकीणबाईंचा नंबर सांगा. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी स्वतःच फोनमध्ये तुझं नाव शोधून लावला. तीनदा लावला. "लेक उचलंना. कामात असंल," असं म्हणाल्या आणि पुन्हा विचारलं, घरी कोण आहे ते सांगा, कुणाला तरी बोलावते.

मला आडवं पडून खोटं बोलवेना. मी म्हटलं, "घरी कुणी नाही. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी माझ्याशी बोलत नाही."

 दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना सोजरबाई हातानंच थांबा म्हणाल्या. मग विचारलं, "मग येवढी कलिंगडं कोन खात हुतं?"

"मीच."

"लेक का बोलत न्हाय?"

"मी तिच्याशी खोटं बोललो," मी म्हटलं. हे वाक्य मी त्याआधी कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं.

 ढीग शेजारच्या आंबेवाल्याला बघायला सांगून त्या मला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, नुसत्या फळांवर राहून अंगातलं मीठ फार कमी झालंय. आजपासून वरण-भात, भाकरी, भाजी, आणि मीठ घालून. चार तास सलाईन लावलं. तेवढा वेळ सोजरबाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांचं त्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "खोटं बोललाव तर खरं सांगा की, साहेब. त्यात काय अवगड हाय?"

आज मी कुकर लावला. भात गिचका झाला.

अण्णा

सोलापूर, २७ एप्रिल २०२५

निवू,

अवघड आहे. आज सकाळपासून चार कागद फाडले.

दोन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी पाचला कॉलेजात माझा निरोप समारंभ होता. तुला मी सांगितलं होतं, की आईचं डायलिसिस दुपारी बाराला झालं, ती थकली म्हणून घरीच शेजारच्यांच्या सोबतीनं झोपून राहिली आणि मी एकटाच समारंभाला गेलो. यातलं काही खरं नाही. त्या दिवशी तिचं डायलिसिस झालंच नाही. मी बुधवारी सेंटरला फोन करून गुरुवारची पाळी शनिवारवर ढकलली. कारण डायलिसिसनंतर ती बसू शकत नसे आणि मला ती स्टेजवर माझ्या शेजारी हवी होती. सगळ्यांच्या बायका असतात. साडी देतात, ओटी भरतात. अनसूया चौतीस वर्षं माझे डबे भरून देत होती, एकदा तरी लोकांनी तिला बघावं असं मला वाटलं. तिनं विचारलं होतं, "चालेल ना हो?" मी म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय. ती मोरपंखी साडी नेसून आली, दोन तास ताठ बसली. सोबत फोटो पाठवतो आहे. तो मी कपाटात कागदांखाली ठेवला होता. तिच्या हातात नारळ आहे.

शुक्रवारी सकाळी तू नाशिकहून आलीस. चपला काढतानाच विचारलंस, "काल डायलिसिस नीट झालं ना?" मी म्हटलं, झालं. आईकडं मी पाहिलं, ती काही बोलली नाही. तू ओरडशील म्हणून मला वाचवत होती. डायलिसिस झालंय म्हणजे आज एक फोड चालेल, असा तू हिशेब केलास. तो हिशेब बरोबर होता. चुकीची होती ती माझी माहिती.

शनिवारी पहाटे ती गेली. पोटॅशियम वाढून हृदय थांबलं, डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. सोमवारनंतर पाच दिवस डायलिसिस नव्हतं, एका फोडीनं हे होत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. तू बाहेर उभी होतीस. मी बाहेर येऊन तुला फक्त पोटॅशियम एवढंच सांगितलं, आणि ते कलिंगडात असतं हे तुला ठाऊक होतं.

आणि तेराव्याला, तुझ्या हिंदुरावमामांनी सगळ्यांसमोर विचारलं, अचानक कसं काय झालं? तेव्हा मी तुझ्याकडं बोट केलं. "एवढं सांगूनही हिनं कलिंगड दिलं. दुसऱ्या दिवशी गेली." शब्द मला जसेच्या तसे आठवतात.  ताट अर्धं ठेवून उठलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस.

डायलिसिसची फाईलही पाठवतो. शेवटची नोंद सोमवार, २४ एप्रिलची आहे. पुढचं पान कोरं आहे.

मामांना मी आज फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. इतर जे जे त्या दिवशी होते त्यांनाही कळवतो आहे. तुझ्याकडं मी काही मागत नाही.

अण्णा

सोलापूर, ९ जून २०२५

निवू,

तू आता दवाखान्यात कामाला लागली असशील. काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तुला वेगळं सांगायला नको. पण काल माझ्याकडून नीट बोलणं झालं नाही, म्हणून कागदावर ठेवतो.

सहा आठवडे तुझं काही आलं नाही तेव्हा मी समजून चाललो होतो, की आता येणारही नाही. काल सकाळी सातला बेल वाजली. मला वाटलं दूध. दार उघडलं तर तू. खांद्याला एक पिशवी, बाकी काही नाही. तू विचारलंस, "आत येऊ का?" आपल्याच घरात तू असं विचारलंस, ते ऐकून मला दारातून बाजूला व्हायचंही सुचलं नाही.

तू फाईल टेबलावर ठेवलीस. चहा नको म्हणालीस. बसलीही नाहीस. म्हणालीस, "पत्रात एक गोष्ट नाहीये. मी फोड कापत होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

सहा आठवडे मी याच प्रश्नाला भीत होतो. चार कागद फाडले त्या प्रत्येकावर याचं उत्तर होतं, आणि पाचव्यावर मी ते गाळलं. काल तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "दारात होतो. बघत होतो."

कारण तू विचारलं नाहीस, म्हणून ते इथं लिहितो. तू स्वयंपाकघरात ओट्याशी फोड कापलीस, बिया काढल्यास, वाटीत घालून आईला दिलीस. ती खुर्चीवर होती. मी दारात उभा होतो, दोन पावलांवर. थांब म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं असतं तर आदल्या दिवशीचं सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, एवढ्याशा फोडीनं काय होतंय, उद्या सकाळी डायलिसिस आहेच. आणि मी मागं फिरलो, बाहेर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. डॉक्टर काहीही म्हणोत. त्या फोडीनं ती गेली की नाही हे मला आजही माहीत नाही. ती खाताना मी गप्प राहिलो, एवढं माहीत आहे.

माझं ऐकून तू खुर्ची ओढून बसलीस. किती वेळ बसलीस कोण जाणे. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाकी भरत होतं, ती भरून वाहायला लागली. मग म्हणालीस, "दारातून तुम्हाला तिची पाठ दिसली असेल."

मी म्हटलं, "हो, फक्त पाठ."

तेव्हा तू मला तिचा चेहरा सांगितलास. तिनं पहिला तुकडा लगेच चावला नाही, नुसता जिभेवर धरून ठेवला आणि डोळे मिटले, म्हणालीस. एक बी राहिली होती ती तिनं तुझ्या तळहातावर ठेवली. हनुवटीवर रस आला तो पुसू दिला नाही. आणि म्हणाली, "गार आहे गं." गोड नाही म्हणाली, गार म्हणाली. वाटी तोंडाला लावून खालचा रसही प्यायली आणि लहान मुलीसारखी हसली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन वर्षं मला तिची पाठच दिसत होती.

तू म्हणालीस, "तो चेहरा आठवला की मला वाटायचं, असं हसवून मी तिला मारलं. म्हणून आठवायचंच नाही असं ठरवलं होतं. आता आठवता येईल. पण तुम्हाला माफ केलं असं माझ्यानं म्हणवणार नाही, अण्णा. आज तरी नाही."

मी मान हलवली. 

नंतर तू आईच्या कपाटातून मोरपंखी साडी काढलीस आणि नेऊ का म्हणून विचारलंस. दुपारी मी वरण-भात केला. तू थोडा खाल्लास, मीठ जास्त झालंय म्हणालीस, ते खरं होतं. संध्याकाळी स्टँडवर येऊ नका म्हणालीस, म्हणून मी फाटकापर्यंतच आलो. रिक्षा वळेपर्यंत तू मागं बघितलं नाहीस. तू गेल्यावर मी आत आलो तर खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली होती. ती मी तशीच ठेवली आहे.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोनवर मेसेज आला. तुझा एकच शब्द होता. "पोचले."

मी "बरं" असं लिहिलं. तेवढं लिहायला मला पाव तास लागला.

अण्णा